हृदय मंद करणारं औषध शॉकवर कसं चालेल?

श्रोतेहो, आधीच सांगून टाकतो: मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा. रक्त वाहू लागलं तर माझ्याकडे येऊ नका! पण आजचं कोडं तर्काचं आहे, म्हणून हे धाडस.

आपल्या बऱ्याच नसा अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनातून निरोप देतात. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम ते रसायन तोडतं. एन्झाइमला अडवलं तर निरोप रेंगाळतो. तो हृदयापाशी रेंगाळला की ठोके मंदावतात. ऑटो लोएवींनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयांवर प्रयोग करून हे रसायन पकडलं. फवारणी करताना शेतकऱ्याला होणारी ऑरगॅनोफॉस्फेटची विषबाधा हेच एन्झाइम अडवल्यामुळे होते. फायसोस्टिग्मिन हे त्याच जातीचं औषध. ते नायजेरियातल्या कॅलाबारच्या एका बीमधून येतं. तिथे संशयिताला ती बी खायला देऊन न्याय करत. ओकला तर निर्दोष!

आता रक्तस्रावाचा शॉक घ्या. रक्त घटलेलं, दाब कोसळलेला. त्यात हृदय मंद करणारं औषध? वेडेपणाच की. तरीही भरपूर रक्त काढलेल्या उंदरांना फायसोस्टिग्मिन दिलं, तेव्हा त्यांचा रक्तदाब वर चढला.

कारण फायसोस्टिग्मिन मेंदूत शिरतं. तिथून निघणारा आदेश उलटा असतो: रक्तवाहिन्या आवळा, दाब वाढवा. निओस्टिग्मिन त्याचंच भावंडं, पण विद्युतभारामुळे त्याला मेंदूत सहजी शिरता येत नाही. म्हणजे ‘हे औषध काय करतं’ हा प्रश्नच अपुरा. ते कुठे करतं, हेही विचारायला हवं. शिवाय 2000 साली केव्हिन ट्रेसी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की व्हेगस नसेचं अ‍ॅसिटिलकोलीन दाहही आवरतं. शॉकमध्ये नंतर अवयव निकामी होतात त्यात दाहाचा हात असतो, त्यामुळे आशा वाढली.

पण थांबा. दाब वाढला म्हणजे जीव वाचला का? प्रयोगशाळेत रक्त मोजून काढतात. अपघातातल्या माणसाचं रक्त आत कुठेतरी वाहतच असतं. दाब चढवला तर जेमतेम धरलेली गुठळी सुटू शकते. म्हणून आजही उपचार म्हणजे आधी रक्तस्राव थांबवणं आणि रक्त देणं. उंदरांवरचे हे निष्कर्ष ऐकून कुणी ‘शॉकवर औषध सापडलं’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: त्या उंदराचं रक्त तेव्हा वाहत होतं, की थांबलं होतं?