अंकुरास पाणी कोणी घालावे?

घरातील तरुणाने ‘मी चित्रपट काढणार’ असे म्हणताच वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. कारण या कलेस विद्वत्तेइतकाच पैसाही लागतो. तो कोणी पुरवावा?

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी आयुष्याच्या विम्यावर कर्ज काढून विलायत गाठली. परत आल्यावर धनिकाची खात्री पटावी म्हणून वाटाण्याचा अंकुर वाढतानाचे लहानसे चित्र करून दाखविले. तरीही सौ. सरस्वतीबाईंचे दागिने खर्ची पडले, तेव्हा कोठे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. पुढे सत्यजित राय यांसही ‘पथेर पांचाली’साठी पत्नीचे अलंकार गहाण ठेवावे लागले, अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या द्रव्यसाह्याने १९५५ साली ते चित्र पुरे झाले.

१९६० साली सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघाले. त्याच्या कर्जातून १९६९ साली ‘भुवन शोम’ निर्माण झाला. १९७६ च्या ‘मंथन’साठी तर गुजरातेतील पाच लाख गवळ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. आज बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था कलावंतांस अनुदाने देते.

म्हणून तरुणांनी आधी वाटाण्याच्या अंकुराएवढा नमुना सिद्ध करावा, मग अशा संस्थांची दारे ठोठवावीत. घरच्यांनी त्यास उत्तेजन अवश्य द्यावे. मात्र गृहिणीचे स्त्रीधन हे पहिले भांडवल समजू नये. सरस्वतीबाईंचा त्याग वंदनीय खरा; पण तो दर पिढीत मागावा, हे समाजास शोभत नाही.