गादी घेताय? आधी चेन उघडून बघा!

मंडळी, दुकानात गादीवर हात दाबून "मऊ आहे हो" म्हणू नका. सरळ विचारा, आत काय आहे? खोळीला चेन असेल तर उघडायला लावा आणि थर मोजा. 'मेमरी फोम' म्हणून विकलेल्या गादीत तो कधी कधी वरचा एखादा इंचच असतो.

🔹 पीयू फोम : घनता विचारा, म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. रोजच्या वापराला ३२ ते ४० बरी. फार हलका फोम लवकर बसतो.
🔹 रीबॉन्डेड : फोमचे तुकडे दाबून केलेला, रंगीबेरंगी दिसतो. कडक आणि जड. त्याच्या घनतेचा आकडा मोठाच असतो, साध्या फोमशी तुलना करू नका.
🔹 कॉयर : काथ्या आणि रबर. हवा खेळती राहते, पण काही वर्षांनी मध्ये खोलगट होते.
🔹 लॅटेक्स : टिकाऊ, पण महाग आणि उचलायला जड.

पलंग आतून मोजूनच निघा. सिंगलमध्येच ७२×३६, ७५×३६, ७८×३६ इंच असे प्रकार मिळतात.

दुकानात दहा मिनिटं तरी कुशीवर झोपून बघा, लाजू नका. 😄

चांगला दुकानदार थरांची माहिती बिलावर लिहून देतो, जीएसटीचं पक्कं बिल देतो आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारतो. किती खोल खड्डा पडला तर गादी बदलून मिळेल, परत न्यायचा खर्च कोणाचा, हे आधीच वाचा. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

कच्च्या बिलावर गादी घेऊ नका, कितीही सूट असो!