फरशीवरचे तेल आणि विणकराचा हात

भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यात अपघात म्हटला की चर्चा होते ती पट्टा तुटल्याची, धोटा उडाल्याची. कामगार पाय घसरून पडला तर मात्र 'बघून चालायला काय झाले होते?' एवढ्यावर विषय संपतो. आमच्या मते चूक इथेच होते.

कारखान्यातील परिस्थिती पाहा. दोन मागांमधली वाट जेमतेम एका माणसापुरती. एकच विणकर अनेक माग सांभाळतो. धागा तुटला की धावतो, कांडी संपली की धावतो. मागाला दिलेले तेल खाली ठिबकते, त्यावर उडालेली रुई बसते आणि तेल दिसेनासे होते. भरीस भर म्हणजे पायात येणाऱ्या रिकाम्या कांड्या आणि जमिनीवर लोळणाऱ्या वायरी. पावसाळ्यात गळक्या पत्र्याचे पाणी, पायात तळ झिजलेली चप्पल.

मोकळ्या जागेत पडलेला माणूस कपडे झटकून उठतोही. इथे तोल जाताना हात आधार शोधतो आणि हाताशी असतो चालू माग! बोटे जातात, मनगट मोडते. मजुरी मीटरवर, हात बांधून घरी बसलेल्याच्या घरात चूल कशी पेटावी? मालकाचेही माग बंद पडतात, नवख्याच्या हातून कापड बिघडते.

फरशी, जिने आणि वाटा भक्कम असाव्यात, त्यांवर अडथळा किंवा घसरण्याजोगा पदार्थ नसावा, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३२ ने बजावले होते. म्हणजे घसरणे हे कामगाराचे नशीब नव्हे. जागा नीट ठेवणे ही मालकाची जबाबदारी, हे कायद्यानेही मानले होते.

उपाय खर्चिक नाहीत. तेल ठिबकते तिथे पत्र्याचा ट्रे ठेवावा. सांडलेल्या तेलावर पाणी ओतू नये, त्याने फरशी अधिकच निसरडी होते. लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घ्यावे. तो भुसा लगेच उचलून कारखान्याबाहेर न्यावा, कारण तेलकट भुसा आणि रुई चटकन पेट घेतात. प्रत्येक मागाजवळ रिकाम्या कांड्यांसाठी डबा असावा. वायरी भिंतीवरून न्याव्यात. बीम खांद्यावरून नेणाऱ्यांना पायाखालचे दिसत नाही. म्हणून जिन्यावर दिवा हवा आणि वाट मोकळी हवी. पाळी बदलताना दहा मिनिटे झाडलोट व्हावी, पण माग बंद करून. आणि त्या दहा मिनिटांची मजुरी कापू नये. नाहीतर झाडू कोणी हाती घेणार नाही.

मागाला तेल घालायला आपले कारखानदार बांधव कधी विसरत नाहीत. तेच तेल फरशीवरून पुसून घ्यायलाही विसरू नये, एवढेच आमचे सांगणे.