फोन कोणाच्या हातांत?

घरांत मोबाईल आला म्हणजे तो घरांतील सर्वांस मिळाला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी आहे, हें पाहणें अगत्याचें आहे.

२०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या लोकांस, आपण इंटरनेट कधीं वापरलें आहे काय, असें विचारण्यांत आलें. शंभरांपैकीं ५७ पुरुषांनीं होकार दिला. स्त्रिया मात्र अवघ्या ३३ निघाल्या. खेड्यांत तर हें प्रमाण चारांत एक इतकेंच होतें. त्याच पाहणींत शंभरांपैकीं ५४ स्त्रियांजवळ स्वतः वापरावयाचा मोबाईल होता. म्हणजे फोन हातीं असूनही निदान २१ जणींस इंटरनेटचें दार उघडलेलें नव्हतें.

याचें एक कारण पैसा. घरांत एकच चांगला फोन असला, तर त्यावर पहिला हक्क मिळवत्याचा, दुसरा मुलाचा. मुलीची पाळी घरकाम उरकल्यावर. २०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद होऊन धडे फोनवर येऊं लागले, तेव्हां या पाळीचें मोल कळून आलें.

दुसरें कारण भय. २०१६ सालीं गुजरातेंतील मेहसाणा जिल्ह्यांत सूरज या गांवीं अविवाहित मुलींस मोबाईल वापरण्याची बंदी करण्यांत आली. अभ्यासांतून लक्ष उडतें, हें कारण सांगितलें गेलें. पण मुलांचें लक्ष उडत नाहीं काय? मुली लिहूं-वाचूं लागल्या तर बिघडतील, असें पूर्वीं म्हणत. तेंच भय आतां पुस्तक सोडून फोनवर येऊन बसलें आहे.

ज्यांस प्रवेश नाहीं, त्यांचा आवाजही तेथें उमटत नाहीं. डॉना स्ट्रिकलंड या कॅनडांतील विदुषीस २०१८ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं त्यांच्यावरील लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियानें पुरेशा आधाराअभावीं परत केला होता. पारितोषिक जाहीर झाल्यावरच तो लेख तेथें आला. विकिपीडिया लिहिणारांत स्त्रिया फारच थोड्या आहेत, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आज प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्ति, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जाहिराती, सारें याच वाटेनें येतें. जिला प्रत्येक वेळीं भावाकडे फोन मागावा लागतो, तिला आपलें भवितव्यही मागूनच घ्यावें लागतें.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, फोनची वेळ मुलामुलींत सारखी वांटून द्यावी. कोणी मुलीस फोनवर त्रास दिला, तर तिचाच फोन काढून घेऊं नये; तसें केल्यास पुढील वेळीं ती तो त्रास लपवील, आणि त्रास देणारा मोकळा राहील. आणि विद्यार्थ्यांनो, या सुटींत आपल्या आईस फोनवर एखादा अर्ज स्वतःच्या हातानें भरावयास शिकवा. तिच्यासाठीं तुम्हीं भरूं नका; तिच्याकडून भरवून घ्या.