आधी ब्रेक, मग ओव्हरटेक!

शुक्रवारी रात्री ऑफिसचा लॅपटॉप मिटला की मी रेसर! टेबलाला स्टिअरिंग, पायाशी पेडल्स आणि स्क्रीनवर २००८ साली सुरू झालेलं 'आयरेसिंग'. पहिल्याच रेसमध्ये पहिल्याच वळणावर पुढच्याला ठोकलं आणि वर चॅटवर त्यालाच सुनावलं. रिप्ले पाहिला, तर ब्रेक उशिरा मारला होता मीच. त्याची रेस तिथेच संपली.

इथे चूक कुणाची, हे सिस्टिम बघतच नाही. रोड रेसिंगमध्ये जोरात धडक झाली की दोघांनाही ४ पॉइंट्स. गाडीवरचा ताबा सुटला तर २, ट्रॅकबाहेर गेलात तर १. किती वळणं विनाधक्का घेतलीत, त्यावर सेफ्टी रेटिंग ठरतं आणि ते सुधारल्याशिवाय 'रूकी' लायसन्स काही सुटत नाही. अन्याय वाटतो ना? मलाही वाटला होता. (आपल्या सिग्नलवर हा नियम आला तर काय होईल!) पण त्यामुळेच वेडंवाकडं चालवणाऱ्याच्या मागे जरा अंतर ठेवायला शिकलो. वळणाआधी शेजारी पोचलो नाही, तर घुसत नाही. शेजारी कुणी असेल, तर त्याला गाडीभर जागा सोडतो.

परवा एकाला चुकून ढकललं. थांबलो, त्याला पुढे जाऊ दिलं. माझा नंबर अकरावा आला. चॅटवर त्याचं 'थँक्स' आलं. त्या पहिल्याला सॉरी म्हणायचं मात्र राहूनच गेलं.