पाय लांब करण्याची शस्त्रक्रिया : परदेशी जाण्याआधी आणि परतल्यावर

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले हल्ली आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात : "ताई, ऑपरेशनने उंची वाढते, हे खरे का?" महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारास १६५ सेंमी व महिला उमेदवारास १५५ सेंमी उंची लागते. एक-दोन सेंमी कमी पडले की मुलगा घरी तोंड पाडून बसतो. मग मोबाइलवर जाहिराती दिसू लागतात. त्यात तुर्कस्तानातील इस्तंबूल शहरातल्या दवाखान्यांच्या जाहिराती पुष्कळ असतात. विमानतळावरून नेणे, हॉटेल, ऑपरेशन, व्यायाम, सगळे एकाच रकमेत. ही रक्कम लाखोंच्या घरात जाते आणि त्यासाठी कोणी प्लॉट विकतो, कोणी व्याजाने पैसे काढतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

ही शस्त्रक्रिया काय असते?

उंची वाढते, हे खरे आहे. पण ही सौंदर्याची किरकोळ शस्त्रक्रिया नव्हे. चांगले हाड मुद्दाम कापून ते हळूहळू लांब करायचे असते.

ही पद्धत रशियाच्या सायबेरियातील कुर्गान येथे डॉ. गाव्रिल इलिझारोव यांनी १९५० च्या दशकात विकसित केली. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांची न जुळलेली हाडे त्यांच्यासमोर होती. हाडाभोवती कड्या बसवून, तारांनी हाड घट्ट धरून, कापलेले दोन तुकडे अगदी सावकाश दूर केले तर मधल्या जागेत नवे हाड तयार होते, हे त्यांनी दाखवले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील उंच उडीचा सुवर्णविजेता वालेरी ब्रुमेल याचा पाय मोटारसायकल अपघातात चिरडला होता, त्यावरही त्यांनी उपचार केले. म्हणजे हा शोध मुळात अपंगत्व दूर करण्यासाठी लागला. उंचीच्या हौसेसाठी त्याचा वापर नंतर सुरू झाला.

हाड कापल्यावर साधारण ५ ते ७ दिवस काही ताणत नाहीत. नंतर दिवसाला १ मिमी, तेही सहसा चार वेळा पाव-पाव मिमी करून, हाड ताणतात. घाई केली तर नवे हाड भरत नाही. फार सावकाश केले तर वेळेआधीच जुळते. ५ सेंमी वाढवायला ताणण्याचेच सुमारे ५० दिवस लागतात. त्यानंतर नवे हाड पक्के व्हायला मोठ्या माणसात दर सेंटिमीटरला साधारण एक ते दीड महिना लागतो. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी सात ते नऊ महिने गेले. "तीन महिन्यांत उंची" असे कोणी सांगत असेल तर तो फक्त ताणण्याचा काळ सांगतो आहे.

आता हाडाच्या आत बसवायची, बाहेरून चुंबकाच्या यंत्राने लांब होणारी सळईही मिळते. तिच्यात बाहेर कड्या नसतात, पण खर्च जास्त येतो आणि सळई काढायला पुन्हा ऑपरेशन लागते. सळई आत असताना एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगावे लागते.

धोके कोणते?

हाड लांब होते, पण स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या आपोआप त्या वेगाने लांब होत नाहीत. त्यामुळे मांडीचे हाड वाढवले तर गुडघा आखडतो. नडगीचे हाड वाढवले तर टाच जमिनीला टेकत नाही, माणूस चवड्यावर चालतो. नस ताणली गेली तर पाऊल वर उचलता येत नाही. तारांच्या तोंडाशी पू होतो. हाड भरले नाही तर दुसरी, तिसरी शस्त्रक्रिया लागते. रक्ताची गुठळी किंवा हाडातील चरबी फुप्फुसात गेली तर जीवही जाऊ शकतो. जितके जास्त ताणाल, तितके हे धोके वाढतात.

जाण्याआधी घरी काय करावे?

पहिले, हे ऑपरेशन आपल्याला लागते का ते ठरवावे. पोलिओ, जुना मोडलेला पाय किंवा हाडातील जंतुसंसर्ग यामुळे एक पाय आखूड असेल, चालताना कंबर दुखत असेल, तर हा खरा आजार आहे. त्याला परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांच्या मोठ्या रुग्णालयांत अस्थिरोग विभागात कड्यांची पद्धत वापरतात. तिथल्या आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ही शस्त्रक्रिया मोफत होईल का, हे विचारा. सोबत रेशनकार्ड आणि आधारकार्ड न्या.

दुसरे, तपासण्या. हिमोग्लोबिन, साखर, ड जीवनसत्त्व आणि पायांचे पूर्ण एक्स-रे इथेच करून घ्यावेत. तंबाखू, खर्रा, गुटखा, मशेरी, बिडी हे सगळे आधीच बंद करावे आणि हाड पक्के होईपर्यंत बंदच ठेवावे. निकोटिनमुळे हाडाकडचा रक्तपुरवठा कमी होतो आणि नवे हाड उशिरा भरते.

तिसरे, सिकलसेल. विदर्भातील आपल्या बौद्ध कुटुंबांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, पण बाहेरच्या देशातील दवाखान्याला ते ठाऊक असेलच असे नाही. जाहिरातीत तर याचे नावही नसते. एसएस असलेल्या रुग्णाला भूल, पाणी कमी पडणे, लांबचा विमानप्रवास आणि हाड कापणे यातील प्रत्येक गोष्टीने त्रास उठू शकतो. त्याला हाडातील जंतुसंसर्गाचाही धोका जास्त असतो. केवळ उंचीसाठी एसएस रुग्णाने हे ऑपरेशन करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एएस म्हणजे वाहक असाल तरी डॉक्टरांना आधी सांगा. तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्या.

चौथे, लेखी उत्तरे. ऑपरेशन कोण करणार, किती सेंमी, कोणते उपकरण, किती दिवस तिथे राहायचे, व्यायाम शिकवणारा रोज येणार की नाही, गुंतागुंत झाली तर पुढचा खर्च कोणाचा, उपकरण कुठे काढायचे, हे सगळे कागदावर घ्या. ज्या कागदावर सही करायची, तो समजेल अशा भाषेत वाचून घ्या. दलालाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. हौसेच्या शस्त्रक्रियेचा खर्च प्रवास विमा किंवा आरोग्य विमा साधारणपणे देत नाही.

पाचवे, निघण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यातील एका अस्थिरोगतज्ज्ञाला भेटा आणि परतल्यावर ते तपासायला तयार आहेत का, ते विचारा. ताणण्याच्या काळात दर एक-दोन आठवड्यांनी एक्स-रे पाहावा लागतो. दुसऱ्याने केलेले अर्धवट काम हाती घ्यायला अनेक डॉक्टर कचरतात. ही सोय नसेल तर जाऊच नका.

परत येताना

विमानात बसता येईल असे डॉक्टरांचे पत्र, ऑपरेशनची नोंद, एक्स-रेची सीडी, उपकरणाचे नाव व क्रमांक असलेले स्टिकर, नट फिरवायचा पाना, हे सगळे हातातल्या पिशवीत ठेवा. प्रवासात पाणी पीत राहा, दर अर्ध्या तासाने पायाची बोटे व घोटा हलवा. रक्त पातळ करणारे इंजेक्शन किंवा गोळी दिली असेल तर चुकवू नका.

वस्तीतल्या घरात बरे होताना

आपल्या घरांत जिना उभा असतो, संडास बाहेर किंवा सार्वजनिक असतो आणि खाली बसायचा असतो. कड्या घातलेल्या पायाने उकिडवे बसता येत नाही. म्हणून आधीच कमोडची खुर्ची आणि वॉकर आणून ठेवा, अंथरूण खालच्या खोलीत पलंगावर करा, ओली फरशी पुसून घ्या. निदान दोन-तीन महिने घरातील एक माणूस रोजंदारी सोडून जवळ राहणार आहे, हा हिशेब आधी करा. बहुधा हा भार आई किंवा बायकोवर पडतो, म्हणून तिला विचारूनच निर्णय घ्या.

तारांची तोंडे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे स्वच्छ हाताने, सलाइनच्या पाण्याने पुसा. हळद, राख, तेल लावू नका. हाडवैद्याकडून मालिश करून घेऊ नका. गुडघा आणि घोटा ताणण्याचे व्यायाम दिवसातून अनेक वेळा करा. दुखते म्हणून सोडले तर सांधा आखडतो. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी हाड भरण्याचा वेग मंदावू शकतो. जेवणात डाळ, अंडी, मासे, दूध, नाचणी, शेंगदाणे असू द्या. जाहिरातीतील महाग पावडरीची गरज नाही.

पुढील लक्षणे दिसली तर रात्र असो की दिवस, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा : अचानक दम लागणे किंवा छातीत दुखणे, पोटरी सुजून गरम होणे, ताप व तारेतून पू येणे, बोटे बधिर, थंड किंवा निळी पडणे, पाऊल वर न उचलणे. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

भरतीच्या मुलांना एवढेच

उंची मोजून झाली की पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते, नंतर वैद्यकीय तपासणीही होते. ज्या पायाचे हाड कापून ताणले आहे, त्याने जोरात धावायला वर्ष किंवा त्याहून अधिक लागू शकते आणि पहिली चपळता परत येईलच याची हमी कोणी देत नाही. तोवर वयाची मर्यादाही सरत असते. वाढीची वये संपल्यावर उंची वाढवणारी कोणतीही गोळी नाही, तेव्हा तीही विकत घेऊ नका. तेवढ्या लाखांत उंचीची अट नसलेल्या नोकरीची तयारी, एखादा पदविका अभ्यासक्रम किंवा छोटा धंदा उभा राहू शकतो. आणि तरीही जायचेच ठरले, तर वरच्या पाच गोष्टी पूर्ण झाल्याशिवाय पहिला हप्ता भरू नका.