‘ओपन’ केलं की फाइलच्या नावात चौकोन दिसतात? आधी थांबा, सेव्ह नंतर करा



समजा, देऊळघाटमध्ये तुमचं टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं सेंटर आहे. बचत गटाच्या एक ताई पेनड्राइव्ह घेऊन आल्यात. त्यात गेल्या वर्षीचा ठराव आहे. दोन नावं बदलून तो आजच बँकेत द्यायचाय. तुम्ही एडिटर उघडता, ‘ओपन’ दाबता, आणि यादीत मराठी नावांच्या जागी चौकोनी डबे दिसतात. नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं. किंवा फाइलच दिसत नाही.

अशा वेळी पटकन तोंडातून निघतं, “ताई, फाइल करप्ट झाली.” हे वाक्य महागात पडतं. बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते, फक्त ती दाखवणारी खिडकी चुकत असते. पण घाईत तुम्ही काहीतरी सेव्ह केलंत, तर मात्र ती खरंच जाऊ शकते. म्हणून पहिला नियम: आधी फाइलची कॉपी डेस्कटॉपवर घ्या आणि त्या कॉपीवरच काम करा. मूळ पेनड्राइव्हला हात लावायचा नाही.

आता आजार ओळखूया. लक्षणं चार आहेत.

१. फाइल दिसतच नाही

नोटपॅडची ‘ओपन’ची खिडकी सुरुवातीला फक्त टेक्स्ट डॉक्युमेंट्स दाखवते. एखाद्या पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही यादी त्यात येत नाही. खाली उजवीकडे फाइलचा प्रकार निवडायची जागा असते. तिथे ‘ऑल फाइल्स’ करा. निम्म्या वेळा ‘हरवलेली’ फाइल इथेच सापडते.

२. चौकोनी डबे दिसतात

याचा अर्थ अक्षरं शाबूत आहेत, पण त्या खिडकीला ती काढायला योग्य फॉन्ट मिळत नाहीये. खात्री करायची सोपी युक्ती आहे. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइल निवडा, एफ२ दाबा, नाव कॉपी करा, एस्केप दाबून बाहेर या आणि ते नाव ब्राउझरमध्ये पेस्ट करा. तिथे मराठी नीट दिसलं तर नाव ठीक आहे. विंडोज ८ पासून ‘निर्मला यूआय’ हा फॉन्ट सोबत येतो, तो देवनागरी दाखवतो. त्याआधी हे काम ‘मंगल’ करायचा. कोणी फॉन्ट काढून टाकला असेल तर तो परत बसवा आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट करा.

३. प्रश्नचिन्हं दिसतात

एक गंमत करून बघा. एखाद्या फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह टाकायचा प्रयत्न करा. विंडोज ते घेतच नाही, हे चिन्ह नावात चालत नाही असं सांगतं. मग यादीत प्रश्नचिन्हं आली कुठून? ती नावात नाहीतच. तुमचा एडिटर जुना आहे, त्याला युनिकोड समजत नाही. न समजलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी तो प्रश्नचिन्ह दाखवतो. अशी फाइल त्या यादीतून उघडली तर ‘फाइल सापडत नाही’ असा निरोप येतो, कारण त्या नावाची फाइल खरंच नसते. उपाय दोन: कॉपीचं नाव इंग्रजी अक्षरांत बदला, किंवा ती नोटपॅडसारख्या युनिकोड समजणाऱ्या एडिटरमध्ये उघडा.

४. नाव इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखं दिसतं

हा आपल्या डीटीपीवाल्यांचा जुना दुखणेकरी. कृतिदेव, श्री-लिपी यांच्या जुन्या फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरं मराठी नसतात. इंग्रजीच्या चिन्हांवर मराठी आकार चढवलेले असतात. ‘ओपन’च्या खिडकीत विंडोज स्वतःचाच फॉन्ट वापरतं, त्यामुळे वरचा मराठी मुखवटा उतरतो आणि खिचडी दिसते. आतला मजकूर तोच फॉन्ट लावला की वाचता येतो. ग्राहकाला मेलवर किंवा पोर्टलवर द्यायचा असेल तर कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. मग एकदा मूळ कागदाशी ताडून बघा, जोडाक्षरं आणि रफार विशेष.

खरा धोका सेव्ह करताना

नोटपॅडच्या ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये खाली ‘एन्कोडिंग’ असतं. मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून तिथे आपोआप यूटीएफ-८ येतं. त्याआधीच्या विंडोजवर ‘अ‍ॅन्सी’ यायचं. मराठी मजकूर अ‍ॅन्सीमध्ये सेव्ह करायला गेलात की अक्षरं जातील असा इशारा येतो. घाईत ‘ओके’ दाबलं की प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह जाऊन बसतं. आणि हे प्रश्नचिन्ह नुसतं दिसणारं नसतं, ते फाइलमध्ये खरंच लिहिलेलं असतं. फॉन्ट बदलून, एडिटर बदलून ते परत येत नाही. म्हणजे यादीतलं प्रश्नचिन्ह बरं होतं, मजकुरातलं होत नाही. हा फरक दुकानातल्या प्रत्येक माणसाला माहीत हवा.

नावं ठेवायची पद्धत आजच ठरवा

आपल्या जिल्ह्याचंच नाव बघा. कोणी ‘बुलडाणा’ लिहितं, कोणी ‘बुलढाणा’. एक शोधलं तर दुसऱ्या नावाची फाइल सापडत नाही. म्हणून एकच स्पेलिंग ठरवा आणि भिंतीवर लावा. ग्राहकाला किंवा पोर्टलवर जाणाऱ्या फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कामाचं नाव. यादी आपोआप तारखेनुसार लागते आणि कुठल्याही जुन्या मशीनवर उघडते. आतला मजकूर मात्र मराठी, युनिकोडमध्ये.

आज रात्री दुकान बंद करायच्या आधी दहा मिनिटं काढा. एक मराठी नावाची फाइल बनवा, ती तुमच्या प्रत्येक एडिटरमधून उघडून बघा आणि कुठला एडिटर काय दाखवतो ते वहीत लिहा. उद्या ताई समोर उभ्या असतील तेव्हा तुम्ही म्हणाल, “ताई, फाइल ठीक आहे. पाच मिनिटं बसा, चहा सांगतो.” गिऱ्हाईक टिकतं ते या वाक्यावर.